मोटारींतील फ्रिज आणि त्यावरील आंकडा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस हंसूं येईल. फ्रिज म्हणजे दूध, भाजी आणि उरलेली आमटी ठेवण्याचें कपाट; त्याविषयीं, आणि तेंहि मोटारींत ठेवावयाच्या एका लहानशा पेटीविषयीं, बोलण्यासारखें असें काय असणार? कांहीं वर्षांपूर्वीं मलाहि तसेंच वाटलें असतें. मी कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पस्तीस वर्षांची मास्तरकी, एवढेंच माझें भांडवल. परंतु या पेटीनें मला निवृत्तीनंतर एक धडा शिकविला, आणि त्याची फी माझ्या पत्नीच्या प्रकृतीला भरावी लागली. ती फी दुसऱ्या कोणाला भरावी लागूं नये, म्हणून हें चार शब्द बोलणें.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे व पुष्कळ वर्षांपासून ती इन्सुलिन घेत आहे. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून हें औषध हातीं आलें आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून त्यानें लक्षावधि माणसांचे प्राण वांचविले आहेत. पण औषध मोठें नाजूक. त्याचा न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या उष्णतामानांतच ठेवावा लागतो. फार उष्णता लागली तर त्याची शक्ति हळूहळू कमी होते. आणि एकदां तें गोठलें कीं मग वितळल्यावरहि त्याचा भरवसा राहत नाहीं, तें टाकूनच द्यावें लागतें. वापरावयास काढलेली कुपी कांहीं आठवडे बाहेर चालते. ती मर्यादा औषधाबरोबरच्या कागदावर छापलेली असते. चिंता असते ती साठ्याची.

सन २०२३ च्या मे महिन्यांत मुलीच्या घरीं कार्य निघालें, म्हणून आम्ही पुण्याहून मोटारीनें नागपुरास जाण्यास निघालों. मे महिन्यांतील विदर्भ म्हणजे काय, हें तिकडील श्रोत्यांस सांगावयास नको. पारा चाळिशी ओलांडतो. आणि कांचा लावून उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या आंत तर हात लावण्याची सोय राहत नाहीं. मुक्काम लांबण्यासारखा असल्यामुळें दोन महिन्यांचें इन्सुलिन बरोबर न्यावयाचें होतें. जांवयांनीं बॅटरीवर चालणारा एक लहान फ्रिज पाठविला. तीस लिटरांची पेटी, वरून उघडणारें झांकण, आंत घरच्या फ्रिजसारखाच पण लहान कॉंप्रेसर, आणि पुढच्या बाजूला चमकणारे हिरवे आंकडे. मीं ४ हा आंकडा लावला, निघण्यापूर्वीं अर्धा तास पेटी सुरू केली, तींत नळाच्या पाण्याच्या आठ बाटल्या, थोडे आंबे, दह्याचा डबा असें सर्व भरलें, आणि शेवटीं भिंतीच्या कडेला बोटभर जागा उरली होती तींत इन्सुलिनचा खोका खोंचून दिला.

वाटेंत आम्हीं जालन्यास मुक्काम केला. दर तासाला मी मागें वळून आंकडा पाहीं. दुपारपर्यंत तो चारावर आला, आणि पुढें नागपूर येईपर्यंत ३, ४, ५ यांच्या बाहेर गेला नाहीं. माझ्या मनाला केवढें समाधान! परीक्षेंत शंभरांपैकीं शंभर गुण मिळविणाऱ्या मुलाकडे पाहावें, तसा मी त्या पेटीकडे पाहत होतों.

नागपुरास पोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं पत्नीच्या हातांतील कुपी संपली व तिनें पेटींतून नवी काढली. तिसऱ्या दिवशीं तिला फार तहान लागूं लागली, चौथ्या दिवशीं ग्लानि आली. साखर तपासली तों तीनशेंच्या वर. औषधाची मात्रा नेहमींचीच, वेळ नेहमींचीच. ओळखीचे एक डॉक्टर घरीं आले. त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, “मास्तर, इन्सुलिन कोठें ठेवलें होतें?”

“फ्रिजमध्यें,” मीं अभिमानानें सांगितलें. “चार अंशांवर.”

त्यांनीं पेटी उघडावयास सांगितली. खोका उचलूं गेले, तों त्याची एक बाजू भिंतीला चिकटलेली. पुठ्ठा ओला झालेला, आणि मागें भिंतीवर बर्फाचा पातळ थर. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “चार अंश कोणाचे, मास्तर? पेटीचे कीं औषधाचे?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. डॉक्टरांनीं सर्व खोका टाकून देण्यास सांगितलें. पाण्यासारखें स्वच्छ दिसणारें इन्सुलिन गोठून वितळलें तरी पुष्कळदां पहिल्यासारखेंच दिसतें, डोळ्यांना फरक कळत नाहीं, असें ते म्हणाले. नवें औषध आणलें, आणि दोन-तीन दिवसांत साखर ताळ्यावर आली. कार्याच्या घरांतील गोडधोडाचाहि त्यांत वांटा असेल, हें डॉक्टरांनीं हंसत हंसत बोलून दाखविलें. परंतु ज्या औषधाचा भरवसा नाहीं तें टोंचून घेणें म्हणजे न घेण्यासारखेंच. पत्नी मात्र एवढेंच म्हणाली, “अहो, जन्मभर पोरांना थर्मामीटर शिकविलात, आणि माझ्या औषधाला तेवढा लावला नाहींत.”

हें वाक्य घेऊन मी पुण्यास परत आलों. पेटी जांवयांकडून मागूनच आणली होती. बाजारांतून लांब तारेचे चार साधे डिजिटल थर्मामीटर आणले, जुनी वही काढली, आणि दहा-बारा दिवस त्या पेटीजवळ बसून राहिलों. त्या वहींतील कांहीं गोष्टी आतां सांगतों.

पहिली गोष्ट अशी, कीं पेटीवर दिसणारा आंकडा हा पेटींतील एका ठिकाणचा आंकडा असतो. आंत कोठें तरी भिंतीवर उष्णता ओळखणारा एक बारीक मणी, ज्याला सेन्सर म्हणतात तो, बसविलेला असतो. त्या मण्याला जें जाणवतें तेंच बाहेर दिसतें. आतां अशा पेटींत थंडी कोठून येते तें पाहूं. थंड द्रव्य वाहून नेणारी नळी बहुतेक पेट्यांत आंतल्या भिंतीच्या मागें गुंडाळलेली असते. म्हणजे भिंत हीच पेटीची चूल, फक्त उलटी. आणि चुलीजवळचें व चुलीपासून दूरचें यांत फरक असावयाचाच. घरच्या मोठ्या फ्रिजांत पुष्कळदां हवा खेळती ठेवणारा पंखा असतो, तो येथें बहुधा नसतो. थंड हवा जड असल्यामुळें खालीं बसते. त्यामुळें तळाशीं अधिक थंड आणि वरच्या जाळींत कमी थंड. शिवाय कॉंप्रेसरच्या वर जो उथळ कप्पा असतो, तो पुष्कळ पेट्यांत सर्वांत कमी थंड. माझ्या वहींतील एका दुपारची नोंद अशी आहे: पेटीवर ४, मध्यभागीं ठेवलेल्या बाटलींत ५, वरच्या जाळींत ९, आणि भिंतीला टेकविलेल्या थर्मामीटरवर उणें ३. एकाच पेटींत, एकाच वेळीं, चार हवामानें!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भिंतीचें उष्णतामान स्थिर नसतें, तें हेलकावे घेतें. कॉंप्रेसर सुरू होतो, भिंत गार गार होत जाते. मण्याला पुरेसें गार वाटलें कीं कॉंप्रेसर थांबतो. मग भिंत चढूं लागते. ठराविक मर्यादा ओलांडली कीं तो पुन्हां सुरू होतो. सुरू होण्याचा आणि थांबण्याचा आंकडा यांत दोन-चार अंशांचें अंतर मुद्दामच ठेवलेलें असतें. तें नसेल तर कॉंप्रेसर क्षणोक्षणीं चालूं-थांबूं लागेल. आणि थांबल्यावर आंतील वायूचा दाब निवळण्यास त्याला कांहीं मिनिटें हवींच असतात. म्हणून आंकडा खालींवर होतो हा पेटीचा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे.

आतां माझें इन्सुलिन गोठलें कसें, तें पाहा. मीं आठ बाटल्या साधारण तीस अंशांच्या पाण्यानें भरून ठेवल्या होत्या. एक लिटर पाणी एक अंश खालीं आणावयाचें तर त्यांतून एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. आठ लिटर पाणी तीस अंशांवरून चारावर आणावयाचें म्हणजे आठ गुणिले सव्वीस, दोनशें आठ किलोकॅलरी. एवढें ओझें डोक्यावर असतांना कॉंप्रेसर तासन् तास न थांबतां धांवला. मणी होता बाटल्यांच्या बाजूला. त्याला अजून गरम वाटत होतें. भिंत मात्र शून्याच्या खालीं कितीतरी गेली. हाच प्रयोग मीं घरीं पुन्हां केला, तेव्हां पेटीवर १२ दिसत असतांना भिंतीजवळचा थर्मामीटर उणें ८ दाखवीत होता. ज्या वेळीं मी मोटारींत ‘अजून बारा आहे, थोडें थांबलें पाहिजे’ असें म्हणत होतों, नेमका त्याच वेळीं माझा खोका भिंतीला टेकून गोठत होता. चार हा आंकडा दिसूं लागला तेव्हां सारें आटोपलेलें होतें.

शाळेंत मी मुलांना नेहमीं सांगे, कीं अचूकपणा आणि स्थिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचें घड्याळ रोज बरोबर पांच मिनिटें मागें असेल, तर त्यावर शाळा चालवितां येते. पांच मिनिटें मिळवीत जावें म्हणजे झालें. परंतु तें आज पांच मिनिटें मागें, उद्यां दहा मिनिटें पुढें असें चालूं लागलें, तर शिपायानें घंटा कशावर द्यावी? फ्रिजचेंहि तसेंच आहे. प्रथम तो स्थिर करावा, मग त्याची चूक किती तें मोजावें, आणि मग आंकडा बदलावा. पुष्कळ लोक उलट करतात. पेय पुरेसें गार लागलें नाहीं कीं आंकडा खालीं, भाजी गोठली कीं आंकडा वर, अशी दिवसभर बटणें दाबीत बसतात. पेटीला स्थिर होण्यास सवडच मिळत नाहीं.

स्थिर करण्याचे उपाय सोपे आहेत. पहिला उपाय, रिकामी पेटी आदल्या रात्रीं घरच्या विजेवर लावून गार करून ठेवावी; आणि तींत जें भरावयाचें तें घरच्या फ्रिजांत आधींच गार केलेलें असावें. प्रवासांतील पेटी ही गारवा टिकविणारी आहे, ऊन पाणी थंड करण्याचें काम तिच्याकडून फार घेऊं नये.

दुसरा उपाय, पेटी रिकामी ठेवूं नये. थंड पाण्याच्या बाटल्या या पेटीच्या स्थैर्याचा पाया होत. समजा, बाहेरच्या उन्हामुळें पेटींत तासाला तेरा किलोकॅलरी उष्णता शिरते आणि कांहीं कारणानें कॉंप्रेसर तासभर बंद पडला. आंत एकच लिटर पाणी असेल, तर तें तेवढ्या उष्णतेनें तेरा अंश चढूं पाहील. पांच लिटर असेल तर अडीच अंशांच्या आसपास. औषध आठ अंशांच्या आंत राहणार कीं नाहीं, याचा निकाल त्या चार बाटल्या लावतात. रिकाम्या पेटींत मात्र झांकण उघडतांच सगळी थंड हवा बदलते आणि हेलकावे सुरू होतात.

येथें कोणी म्हणेल, पाण्यापेक्षां बर्फच कां भरूं नये? बर्फाची शक्ति मोठी खरीच. एक किलो बर्फ वितळतांना ऐंशीं किलोकॅलरी उष्णता गिळतो. पण फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्य अंशांवर नसतो, उणें पंधरा-अठरावर असतो, आणि त्याला टेकलेलें औषध गोठतें. आमच्या गल्लींत बालकांना लस टोंचावयास येणाऱ्या आरोग्यसेविकाबाईंना मीं हें विचारलें. त्या लशीच्या डब्यांत बर्फाच्या चार चपट्या थैल्या ठेवतात. पण फ्रीझरमधून काढल्यावर लगेच ठेवीत नाहींत. थैली बाहेर ठेवून तिला घाम येऊं देतात, कानाशीं हलवून पाहतात, आणि आंत पाणी खुळखुळल्याचा आवाज आला म्हणजे मगच डब्यांत घालतात. ज्या बर्फाबरोबर पाणी आहे तो शून्याच्या खालीं जाऊं शकत नाहीं, हें शास्त्र त्या बाई कानानें ओळखतात. धनुर्वाताच्या वा काविळीच्या लशीहि इन्सुलिनसारख्याच गोठल्यानें बिघडतात, म्हणून ही काळजी. मीं मुलांना हा नियम पुस्तकांतून पस्तीस वर्षें शिकविला. तो वापरतांना प्रथम पाहिला तो त्या बाईंच्या हातीं.

तिसरा उपाय, ज्याला जपावयाचें तें मध्यभागीं ठेवावें. भिंतीला नाहीं, तळाला नाहीं. आतां आम्ही इन्सुलिन एका झांकणाच्या डब्यांत घालतों, डब्याभोंवतीं जुना पंचा गुंडाळतों, आणि तो डबा चार बाजूंनीं पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध बसवितों. भिंत हेलकावे घेवो. ते बाटल्यांपर्यंत पोंचतां पोंचतां मंदावतात आणि डब्याच्या आंत तर जवळजवळ विरून जातात. ज्या पेट्यांत ‘जोरांत’ आणि ‘मंद’ अशा दोन चाली असतात, तेथें भरलेली पेटी एकदां गार झाल्यावर मंद चाल लावावी. भिंत कमी गोठते आणि बॅटरीहि कमी खर्च होते.

आतां अचूकपणाकडे वळूं. त्यासाठीं स्वतःचा थर्मामीटर हवा. पण बाजारांतील स्वस्त थर्मामीटरवर तरी विश्वास कां ठेवावा? त्याचीहि परीक्षा घ्यावी. ही परीक्षा घरांत करण्यासारखी आहे. बर्फ बारीक कुटावा, पेल्यांत गच्च भरावा, फटी भरतील एवढेंच थंड पाणी घालावें, आणि त्या काल्यांत थर्मामीटरचें टोंक मधोमध धरून हलवीत राहावें. टोंक पेल्याच्या तळाला वा कांठाला लागूं देऊं नये. चार-पांच मिनिटांनीं तो ० दाखवूं लागला पाहिजे. माझ्या चारांपैकीं एकानें १.२ दाखविलें, एकानें उणें ०.४, दोन बरोबर निघाले. ज्याची जी चूक, ती चिठ्ठीवर लिहून त्याच्याच पाठीवर चिकटविली. उकळत्या पाण्यानें अशी परीक्षा घेण्याचा मोह होतो, पण त्यांत एक खोंच आहे. पुण्याच्या उंचीवर पाणी शंभरावर उकळत नाहीं, अठ्ठ्याण्णवाच्या सुमारास उकळतें. महाबळेश्वरीं तर पंच्याण्णव-शहाण्णवावरच. बर्फाचा बिंदु मात्र मुंबईस काय आणि महाबळेश्वरीं काय, आपल्या कामापुरता सारखाच.

परीक्षा झालेला थर्मामीटर नुसता हवेंत लोंबकळत ठेवूं नये. झांकण उघडलें कीं हवा क्षणांत बदलते, तो आंकडा औषधाचा नव्हे. लहान बाटलींत पाणी भरावें, बुचाला भोंक पाडून टोंक आंत सोडावें, फट मेणानें बंद करावी, आणि ती बाटली औषधाच्या डब्याला लागून ठेवावी. औषधाला जसें हळूहळू चढतें-उतरतें तसेंच या बाटलीलाहि. ज्या थर्मामीटरांत दिवसांतील सर्वांत जास्त व सर्वांत कमी आंकडा लक्षांत ठेवण्याची सोय असते, तो घेतल्यास रात्रीं काय घडलें तेंहि सकाळीं कळतें. अशी बाटली पेटींत ठेवून पेटीला पांच-सहा तास हात लावूं नये. मग बाटलींतील आंकडा पाहावा. माझ्या पेटीवर ४ लावलें असतां बाटलींत ५ स्थिरावतात. मला पांचच हवे असल्यामुळें मी ४ वरच ठेवतों. दुसऱ्या पेटीवर कदाचित् ६ लावावे लागतील, तिसरीवर २. ज्याची पेटी त्यानें मोजावी. आणि थंडीच्या दिवसांत एकदां, उन्हाळ्यांत एकदां, असें दोनदां मोजावें.

एवढें सर्व करूनहि एक शत्रु उरतो, आणि तो पेटीच्या बाहेर असतो. तो म्हणजे विजेची तार. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टांची. अशी पेटी चालतांना साधारण पांच अँपिअर प्रवाह ओढते. पुष्कळ लोक ती सिगारेट पेटविण्याच्या सॉकेटला लांबलचक बारीक तार जोडून मागच्या बाजूस ठेवतात. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार चार मीटर लांब असली, तर जाण्यायेण्याची मिळून आठ मीटर झाली. तिच्यांतच पांच अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो. पेटीला वाटतें, बॅटरी संपत आली. आणि मोटार सुरू करण्यापुरती वीज शिल्लक राहावी म्हणून ती आपण होऊन कॉंप्रेसर बंद करते. बंद होतांच तारेंतील घट नाहींशी होते, व्होल्ट पुन्हां वर दिसतात, पेटी पुन्हां सुरू होते, आणि पुन्हां बंद पडते. मालकाला वाटतें, थर्मोस्टॅट बिघडला! तीच तार चार चौरस मिलिमीटर जाडीची असली तर घट व्होल्टाच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी भरते. माहितगार कारागिराकडून थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळच फ्यूज घालून, अशी जाड तार ओढून घ्यावी. पुष्कळ मोटारींत किल्ली काढली कीं सॉकेटची वीज बंद होते, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. आपण धाब्यावर निवांत जेवत असतों, आणि उन्हांतील मोटारींत पेटी मुकाट्यानें तापत असते.

पेटीच्या बाजूला जी जाळी असते तिच्यांतून आंतली उष्णता बाहेर पडते. त्या जाळीला बॅगा, चादरी टेकवूं नयेत; चार बोटें तरी जागा मोकळी असावी. आमच्या पहिल्या प्रवासांत मीं ऊन लागूं नये म्हणून पेटीवर चादर पांघरली होती, ती नेमकी जाळीवरच. तापलेल्या माणसाच्या नाकातोंडावर पांघरूण घालण्याचाच तो प्रकार.

दुकानांत याच आकाराच्या, पण फार स्वस्त अशाहि पेट्या मिळतात. त्यांत कॉंप्रेसर नसतो. पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८३४ सालीं जो परिणाम आढळला, त्यावर त्या चालतात. त्या हलक्या असतात, आवाज कमी करतात. पण बाहेरच्या हवेपेक्षां साधारण वीस अंशांपर्यंतच खालीं जातात. बाहेर पंचेचाळीस असतील तर आंत पंचवीस. सरबताला ठीक, इन्सुलिनच्या साठ्याला त्यांचा उपयोग नाहीं. घेण्यापूर्वीं दुकानदाराला एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आणि एक सूचना, जी यंत्राची नसून व्यवहाराची आहे. सर्व औषध एकाच पेटींत ठेवूं नये. वापरांतील कुपी निराळी, सावलींत, हातांतील पिशवींत असावी. एखादी जास्तीची कुपी जेथें जावयाचें तेथील आप्तांनीं आधींच आणून आपल्या घरच्या फ्रिजांत ठेवावी. आणि प्रवासांत साखर कारणावांचून चढूं लागली, तर मात्रा आपल्या मनानें न वाढवितां आधीं औषधाविषयीं शंका घ्यावी व डॉक्टरांस विचारावें.

सन २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही त्याच रस्त्यानें पुन्हां नागपुरास गेलों. पेटी आदल्या रात्रीं गार केलेली, बाटल्या गार, डबा मधोमध, तार जाड, जाळी मोकळी. नागपुरास उतरल्यावर मीं बाटलींतील थर्मामीटरची नोंद पाहिली: सर्वांत कमी ३.६, सर्वांत जास्त ६.४. पेटीवरचा आंकडा या दोन दिवसांत किती वेळां खालींवर झाला, तें मीं पाहिलें नाहीं. पाहण्याचें कारणच उरलें नव्हतें. सायंकाळीं तेच डॉक्टर भेटावयास आले. पत्नीनें त्यांना चहा दिला, आणि ते विचारण्यापूर्वींच म्हणाली, “या खेपेला औषधाचे मोजले आहेत. पांच.”